नारळीकरांना नुसते गुरुजी करू नका

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. असे कुणी जगताप नव्हतेच. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलट्या क्रमाने लावली की ज. वि. ना. होतात. हस्ताक्षरावरूनही कुणाला सुगावा लागू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकरांनी आपल्या हाताने उतरवून दिली होती. एवढी खबरदारी घ्यायला कारण होतं. जयंत विष्णू नारळीकर हे नाव तोवर मराठी घराघरांत पोचलं होतं. केंब्रिजचा रँग्लर, आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा तरुण, तिशीच्या आत पद्मभूषण, आणि १९७२पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. परीक्षकांनी गुण द्यावेत ते कथेला, नावाला नव्हे, एवढंच त्यांना हवं होतं.

हा किस्सा आपण नेहमी विनयाचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्पर्धा कुणाची होती? एखाद्या वाङ्मयीन मासिकाची नव्हती, साहित्य संस्थेचीही नव्हती. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत जावं म्हणून १९६६ साली स्थापन झालेल्या परिषदेची होती. त्या परिषदेने विज्ञानकथेला जागा दिली, याबद्दल मराठी वाचकाने तिचे आभारच मानायला हवेत. पण आधुनिक मराठी विज्ञानकथा ज्या दारातून घरात आली ते दार विज्ञानप्रसाराचं होतं, आणि पन्नास वर्षं उलटली तरी आपण तिला त्याच उंबऱ्यावर थांबवून हजेरी घेतो. यात विज्ञान किती? ते बरोबर आहे ना? मुलांना यातून काय शिकायला मिळेल? माझं म्हणणं असं की हे प्रश्न कथेची किंमत ठरवायला निरुपयोगी आहेत, आणि नारळीकरांचं नाव घेऊन ते विचारणं तर त्यांच्यावरच अन्याय आहे.

बंगालीत जवळजवळ असाच प्रसंग फार आधी घडला होता. १८९६ साली ‘कुंतलीन’ नावाच्या केशतेलाच्या कंपनीने कथास्पर्धा ठेवली आणि पहिलं बक्षीस एका निनावी कथेला मिळालं. ती जगदीशचंद्र बोसांची निघाली. कलकत्त्यावर येणारं चक्रीवादळ अचानक नाहीसं होतं आणि वेधशाळा बुचकळ्यात पडते. समुद्रात बोटीवरच्या एका टकलू प्रवाशाने केसांच्या तेलाची बाटली लाटांवर ओतली होती, हे वाचकाला मागाहून कळतं. तेलाने पृष्ठताण बदलतो हे शास्त्र त्यात आहेच, पण कथा त्या शास्त्राची शिकवणी घेत नाही. ती वेधशाळेची, वर्तमानपत्रांची आणि ज्या तेलवाल्याने बक्षीस ठेवलं त्याचीसुद्धा फिरकी घेते. दोन्हीकडे लेखक शास्त्रज्ञ, दोन्हीकडे नाव लपवलेलं, दोन्हीकडे पहिलं बक्षीस. पण तिकडची कथा तेल विकायला निघाली होती आणि इकडची ज्ञान वाटायला. तेल विकणाऱ्याला वाचकाला हसवावंच लागतं. ज्ञान वाटणाऱ्यावर तशी सक्ती नसते, आणि पुढची सगळी गंमत नि सगळी अडचण इथूनच सुरू होते.

बक्षीस मिळाल्यावर गोष्टी भराभर घडल्या. १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या प्रयोगाची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’सारख्या मासिकांतून कथा येऊ लागल्या. १९७९मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, पाठोपाठ ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या. त्याआधी मराठीत असलं काही नव्हतंच असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. श्री. बा. रानड्यांची ‘तारेचे हास्य’ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. भालबा केळकर लिहीत होते, नारायण धारप लिहीत होते. वाचक ते आवडीने वाचायचा आणि चारचौघांत मात्र नाव घ्यायचा नाही. नारळीकरांनी ही लाज घालवली. एवढा मोठा शास्त्रज्ञ हे लिहितो म्हटल्यावर मध्यमवर्गीय घरात ते पुस्तक बैठकीच्या खोलीत आलं.

त्यांच्यानंतर आणि त्यांच्याबरोबरीने बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी एक अख्खी फळी उभी राहिली. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकाराला ‘विप्लवा’ लिहावीशी वाटली. दिवाळी अंकांत विज्ञानकथा ही नेहमीची पाहुणी झाली. फोंडक्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा इंग्रजी संग्रह संपादित केला, त्यात मराठीचा वाटा नजरेत भरण्याइतका मोठा होता. कुठल्याही भारतीय भाषेत एका माणसाच्या लिहिण्याने असा प्रवाह वाहता झाल्याची उदाहरणं फार नाहीत.

आता अडचणीकडे वळतो. नारळीकरांनी आपला हेतू कधी लपवला नाही. विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं, वैज्ञानिक दृष्टी रुजवायची, म्हणून कथा लिहितो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. ही भूमिका त्यांच्या सगळ्या आयुष्याशी सुसंगत होती. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि ती मिळायची. पुण्यात १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा तिथे शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान शोधिका झाली, तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. (सप्तर्षींतला एक तारा आणि त्यात दडलेले पु. ल. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी तेवढी थोडी.) अशा माणसाने कथेतही शिकवावं यात नवल काय?

पण हेतू लेखकाचा असतो, आणि कथा त्या हेतूला पुरून उरते की नाही हे वाचकाने बघायचं असतं. ‘धूमकेतू’ घ्या. कलकत्त्याचे हौशी आकाशनिरीक्षक दत्तबाबू एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येऊन अण्वस्त्राने त्याची वाट बदलतात. इकडे घरी पत्नी इंद्राणीदेवी अरिष्टशांतीसाठी यज्ञ करते, आणि संकट टळल्यावर श्रेय यज्ञाला जातं. कल्पना धारदार आहे. पण पात्रांना आधीच बाजू वाटून दिल्या आहेत. नवरा दुर्बीण, बायको होम. इंद्राणीदेवीला नेमकी कशाची भीती वाटते, नवऱ्याच्या रात्री-बेरात्रीच्या छंदाने तिच्या संसाराचं काय झालं, यात कथा फारशी शिरत नाही. इंद्राणीदेवी फळ्यावरच्या समीकरणात उजव्या बाजूला लिहायची संख्या होऊन राहते. नारळीकरांच्या बऱ्याच कथांत अशी एक जागा येते: कुणीतरी शास्त्रज्ञ उठतो, कुणीतरी पत्रकार किंवा मित्र भाबडा प्रश्न विचारतो, आणि दोन पानं तास चालतो. शास्त्र सोपं करून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून ती पानंही वाचनीय होतात. ज्यांच्यापाशी तो हात नव्हता त्यांनी फक्त तास तेवढा उचलला. मराठीत मग कितीतरी कथा अशा आल्या की ज्यातलं शास्त्र काढून घेतलं तर दोन नावं आणि एक चहाचा कप उरतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. २००१ साली विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायला विद्यापीठ अनुदान आयोगच पुढे सरसावला. २० ऑगस्ट २०१३ला याच पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. अशा समाजात कथेने थोडं शिकवलं तर बिघडलं कुठे? शिकवणी जास्त झाली ही तक्रार पोट भरलेल्यांची नाही का?

याचं उत्तर खुद्द नारळीकरांच्याच कामात सापडतं. २००८च्या सुमारास त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांना सोबत घेऊन फलज्योतिषाची एक चाचणी केली. दोनशे पत्रिका जमवल्या: शंभर हुशार मुलांच्या, शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास पोचले असते. ना आवेश, ना टवाळी. जे फलज्योतिष सांगायचा दावा करतं तेच मोजलं आणि आकडा समोर ठेवला. ज्योतिषाविरुद्ध पन्नास कथा लिहून जे झालं नसतं ते या एका चाचणीने केलं. खंडन करायचं तर प्रयोग असा हाताशी असतो. मग कथेने ते ओझं कशाला वाहायचं? प्रयोगाला जे कधीच करता येत नाही तिथे कथेचं राज्य सुरू होतं.

असं राज्य नारळीकरांनी एकदा पुरेपूर गाजवलं आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर पुण्याहून मुंबईला निघतात आणि वाटेत त्यांच्या लक्षात येतं की हा आपला हिंदुस्थान नाही. इथे मुंबई तेवढी इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून गाडीवर युनियन जॅक आहे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय दिमाखात उभं आहे, कारण १८५७नंतर ती बुडालीच नाही. पंत फोर्ब्स बिल्डिंगमध्ये आपल्या मुलाची चौकशी करतात. त्या नावाचं तिथे कुणी नाही. मग ते खऱ्या इतिहासकाराला शोभेल असंच करतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात. चार खंड ठीक. पाचव्यात पानिपत आपण जिंकलेलो असतो. भाऊसाहेबांच्या बखरीत लिहिलेलं असतं की विश्वासरावांना गोळी लागली नाही, कानाशी चाटून गेली.

ज्या भाषेत १४ जानेवारी १७६१ अजून भळभळते, ‘विश्वास पानिपतात गेला’ असं जिथे आजही सहज बोललं जातं, तिथे ही कल्पना लिहिणं म्हणजे केवढा मोह! दुसऱ्या कुणी अटकेपार झेंडे, दिल्लीचं तख्त, तुताऱ्या असा सोहळाच मांडला असता. नारळीकर तो मोह एका परिच्छेदात आवरतात. जिंकलेला देश गोऱ्यांचा गुलाम झालेला नाही, त्याची मान ताठ आहे, पंतांना ते मनोमन आवडतं. पण त्या देशात त्यांचा मुलगा नाही. इतिहास बदला म्हणणारा प्रत्येक जण हे विसरतो की बदललेल्या इतिहासात तो स्वतः जन्मेलच अशी हमी कुणी दिलेली नाही. विजयाच्या बदल्यात तुझं घर देशील का, असा हा प्रश्न, आणि तो कुठेही असा उच्चारून विचारलेला नाही.

त्यातही आझाद मैदानाचा प्रसंग मला सगळ्यांत जास्त आवडतो. तिथे सभा चालू आहे आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पानिपतावर जन्मभर अध्यक्षपदावरून भाषणं केलेल्या पंतांना ते बघवत नाही. ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्ष, आभार, समारोप ही प्रथाच मोडीत काढलेली असते. पंत हटत नाहीत, तेव्हा अंडी आणि टोमॅटो सुरू होतात. मराठी सभासंस्कृतीची इतकी प्रेमळ थट्टा विज्ञानकथेच्या पोटात दडलेली आहे, आणि धडा म्हणून शिकवताना ती बहुधा हातातून निसटते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ही कथा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाने आहे. धड्याखालचे चर्चेचे प्रश्न खरं तर चांगले आहेत. एका घटनेने राष्ट्राच्या इतिहासाची दिशा बदलू शकते का, असा त्यातला एक. पण परीक्षेच्या तयारीत शेवटी भाव येतो तो कथेच्या शेवटी पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे देतात त्या स्पष्टीकरणाला, म्हणजे कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि क्वांटम सिद्धांत यांना. ते स्पष्टीकरण ही कथेतली सर्वांत कमी महत्त्वाची पानं आहेत. ती नसती तरी त्या दुसऱ्या जगातून पंतांच्या खिशात आलेलं बखरीचं फाटकं पान तेवढंच अस्वस्थ करत राहिलं असतं.

या कथेमागची वृत्ती कुठून आली असेल याचा विचार केला की नारळीकरांचं दुसरं आयुष्य समोर येतं. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे बहुतेक सगळ्या जगाने मान्य केल्यानंतरही ते स्थिरस्थिती सिद्धांताच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या बाजूने उभे राहिले. १९९३मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी त्या सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही, आणि आज पुराव्याचं पारडं महास्फोटाकडेच झुकलेलं आहे. त्यांच्या शास्त्रातल्या या बाजूबद्दल आपण जरा अवघडून बोलतो. पण ‘सगळे मानतात ते तसं नसेल तर?’ हा प्रश्न शास्त्रात हरला तरी कथेत तोच प्राण असतो. गुरू हॉइल यांच्यातही तो होता. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ची, आणि तिच्यात बुद्धी असलेला एक प्रचंड वायुमेघ सूर्याशी येऊन थांबतो. नारळीकर त्याच घराण्यातले. म्हणून मला त्यांच्यातला संशयखोर लेखक त्यांच्यातल्या शिक्षकापेक्षा मोठा वाटतो.

साहित्यव्यवहाराने मात्र या लेखकाला कुठे बसवायचं हे कधी नीट ठरवलं नाही. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. पुस्तक सुंदर आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण चाळीस वर्षं ज्या कथांनी एक वाङ्मयप्रकार उभा केला त्यांच्यावर अकादमीची मोहोर उमटली नाही, उमटली ती त्या लिहिणाऱ्याच्या चरित्रावर. २०२१मध्ये नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. आझाद मैदानावरच्या त्या रिकाम्या खुर्चीची कथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं. समीक्षकांनी तर विज्ञानकथेकडे बहुतेक वेळा दोनच नजरांनी बघितलं: एक तर मुलांचं वाङ्मय, नाही तर समाजोपयोगी कार्य. दोन्हींत आदर आहे आणि दोन्हींत वाचन नाही.

आज हा मुद्दा उकरून काढायचं कारण ‘वामन परत न आला’. ही कादंबरी १९८०च्या दशकातली. जमिनीत खोल गाडलेली एका प्राचीन संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानावरून माणसासारखा यंत्रमानव घडवला जातो, आणि वामन आपल्यासारखेच आणखी वामन निर्माण करायची विद्या मागू लागतो. ती जुनी संस्कृती याच वाटेने संपलेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर रोज लेख पडत असताना नारळीकरांनी हे आधीच सांगितलं होतं असं म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे, आणि त्या वाजतीलही. भाकीत खरं ठरलं म्हणून कथा मोठी, ही पुन्हा मास्तरांचीच मोजपट्टी झाली. मला त्या कादंबरीत काय नाही हे जास्त खुपतं. वामन घडवायचा की नाही हे प्रयोगशाळेत आणि सरकारी खोल्यांत ठरतं. वामन आल्यावर ज्यांचं काम जाणार त्यांच्यातलं कुणी त्या चर्चेत नसतं. बँकेच्या काउंटरवरचा माणूस नसतो, कापडगिरणीतला नसतो, आणि १९८२च्या संपानंतर मुंबईत लिहिल्या-वाचल्या गेलेल्या कादंबरीत तो नसणं आज डोळ्यांत येतं. नारळीकरांचं जग बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांचं होतं. त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहिलं. दुष्काळी तालुक्यातली आशाताई, मोबाइल टॉवरखालची ऊसतोड कामगारांची पालं, अ‍ॅपच्या हुकमावर धावणारा डिलिव्हरीवाला यांचं भविष्य त्यांच्याकडून मागायचं नसतं.

ते मागायचं आता जे लिहितील त्यांच्याकडून. आणि त्यासाठी निदान एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. विज्ञानकथेच्या स्पर्धा अजूनही होतात, व्हाव्यात. परीक्षकांत शास्त्रज्ञ जरूर असावा, पण त्याच्या शेजारी एखादा कादंबरीकार, एखादी कवयित्री बसवा, आणि गुणपत्रिकेतून ‘वैज्ञानिक अचूकता’ हा रकाना काढून टाका. अचूकतेची काळजी शास्त्रज्ञ परीक्षक न सांगताही घेईलच.